ट्रॅक्टरला पाणी दिसतं

"कुणाचा विश्वास बसणार नाही," तेलकट फडक्याला हात पुसत बंडलदादा म्हणाला, "पण ह्या ट्रॅक्टरला पाणी दिसतं. दिसलं की जागच्या जागी अडून बसतो. म्हशीच्या अगदी उलट."

बायकोने मान वर केली नाही. तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी ती गवतात फतकल मारून बसली होती आणि गवत कापायच्या त्या छोट्याशा ट्रॅक्टरची डिझेलची नळी सोडवत होती. वडिलांच्या गॅरेजात वाढलेली बाई. इंजिन काय बोलतंय ते तिला चटकन कळायचं. नवरा बोलायला लागला की मात्र निम्मं गाळून घ्यावं लागे. सगळे त्याला बंडलदादा म्हणत आणि तोही ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवायचा.

"सपाटीवर बंद पडतो?" तिने विचारलं.

"छे. सपाटीवर गुणी बाळ."

"दाट गवतात?"

"दाट गवत तर लोण्यासारखं कापतो. बंद पडतो तो फक्त वरच्या वळणावर. म्हटलं ना, पाणी दिसतं त्याला."

"डोळे तपासून आणू का त्याचे?"

"आण. मीच चष्म्याचं सांगणार होतो."

तिने नळीत फुंकर मारून पाहिली. टाकीचं झाकण काढलं, त्याचं हवेचं बारीक भोक उजेडात धरलं. ते मोकळं होतं. पात्यांच्या वरच्या पत्र्याला चिकटलेलं ओलं गवत खरवडून काढलं. दादा पाने हातात देत होता आणि गोष्टींवर गोष्टी रचत होता. पण मागितला दहाचा की देत होता बाराचा.

कारण ट्रॅक्टरला काय झालंय ते त्याला ठाऊक होतं.

मागच्या हंगामात त्या वळणावर मागचं चाक घसरलं होतं. ट्रॅक्टर पाण्याच्या बाजूला कलला आणि कलतच राहिला. ही गोष्ट दादाने सगळ्यांना सांगितली होती, मोठ्या चवीने: आपण एक पाय बांधाला लावला, एका पायाने ट्रॅक्टर वर ढकलला आणि खाली मासे टाळ्या पिटत होते. खरं म्हणजे चाक एका दगडाला अडलं, एवढंच. दादाने स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की नंतर एकेक बोट सोडवावं लागलं. खालचं पाणी हिरवंकाळं होतं आणि त्याचा कसलाही आवाज येत नव्हता. ते आवाज नसणं त्याला अजून झोपू देत नसे.

तेव्हापासून वळण आलं की त्याचं अंग आपोआप सीटवरून उठायचं. उडी मारायच्या तयारीत. तो मनाला दटावायचा, पण ढुंगण काही मनाचं ऐकायचं नाही. आणि सीटखाली एक बटण असतं: पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. पडलाच माणूस, तर निदान पात्यांखाली कापला जाऊ नये म्हणून.

ट्रॅक्टर चांगला होता. बिघाड सीटच्या वर होता.

"एक करू," बायको म्हणाली. "तेवढं वळण मी कापते. म्हणजे मला कळेल तरी, कुठे दम सोडतो ते."

दादाला हेच नको होतं. खरं सांगितलं तरी हेच होणार होतं. बांधाचं गवत कापायचं काम ह्या दोघांकडे होतं. तो बसला नाही तर ती बसणार. ती घाबरणारी नव्हती, हीच तर भीती होती.

"तू बसलीस तर हा लाजून मुद्दामच नीट चालेल," तो हसला. "रोग सापडायचा कसा? त्यापेक्षा फिल्टर बदल. फिल्टरच असणार."

"फिल्टर बरा दिसतोय."

"दिसण्यावर जाऊ नकोस. मीही बरा दिसतो."

ती हसली आणि नवा फिल्टर आणायला पंपाच्या खोलीकडे गेली.

ती दाराआड होताच दादा गुडघ्यांवर बसला. सीट उचलली, बटणाची जोडणी उपटली आणि तारेच्या तुकड्याने दोन्ही टोकं एकमेकांना बांधून टाकली. सगळेच करतात, त्याने स्वतःला सांगितलं. आता कुणी बसो वा उठो, ट्रॅक्टरला वाटणार, दादा बसलाय.

फिल्टर बसला. इंजिन सुरू झालं. पाती फिरू लागली तसा पायाखालचा पत्रा थरथरला.

"सावकाश," ती म्हणाली.

पहिला पट्टा सुखाने गेला. मग वळण आलं. डावीकडे बांध संपला आणि पाणी दिसू लागलं. दादाने दात आवळले, मांड्या सीटला चिकटवल्या, मनात म्हणाला, बस, बस रे बाबा. आणि उठला.

इंजिन बंद पडलं नाही.

तो अर्धवट उभा, ट्रॅक्टर कललेला, आणि खाली पाती तशीच घोंघावत होती. पाय पत्र्यावरून सरकला. कापलेलं गवत सपासप घोट्यावर बसू लागलं. उडी मारावी तर एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पाती. किल्ली समोर होती, पण हात स्टिअरिंग सोडेना. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बंडलदादाला शब्द सापडला नाही.

ट्रॅक्टर आपल्या चालीने वळण घेत राहिला. वळण संपलं, पाणी मागे पडलं, तेव्हा कुठे तो सीटवर आदळला. मग हात सुटला. किल्ली फिरली.

तो खाली आला तेव्हा ती वाटेतच उभी होती. हात अजून डिझेलने माखलेले.

"काय," तो म्हणाला. गोष्ट आपोआप जुळून आली. "फिल्टरच होता की नाही? पाण्याशेजारून गेलो, एकदा गचका नाही. मी आपला बसलो होतो, दगडासारखा. खाली मासे बघत होते, तेसुद्धा म्हणाले, वा—"

"खोटं," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तुम्ही उभे होतात. आणि इंजिन चालू होतं."