सूत आणि सुत्तु

अक्कम्माचा उजवा हात प्लास्टरमधून बाहेर आला तेव्हा तिला तो आपला वाटेचना. बारीक, पांढुरका, आणि मूठ वळायला सांगितली तर अर्ध्यावर थांबणारा. शुक्रवार पेठेत जिच्या भाकरी थापण्याचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, तिला आता दुधाच्या पिशवीची गाठ सुटेना. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, जोर तेवढा तुमचा तुम्ही आणायचा. कसा आणायचा ते सांगायच्या आत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

अक्कम्माला घाई होती, कारण येळवस अडीच आठवड्यांवर आली होती. त्या अमावस्येला अक्कलकोट रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात सगळी भावकी जमते, उभ्या ज्वारीत पूजा होते आणि मग पंगत बसते. त्या पंगतीतल्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी गेली तेहतीस वर्षं अक्कम्माच्या हातच्या असायच्या. सून काव्या बँकेत नोकरीला, सासूवर जीव टाकणारी. ती आपली चांगल्या मनानं म्हणाली, "अत्ती, यंदा मशीनच्या भाकऱ्या सांगूया की."

मशीनच्या! अक्कम्माला ते लागलं. पण ती ताडकन उत्तर देणारी बाई नव्हती.

"येळवशीपत्तूर हात चालला तर चालला," ती म्हणाली. "न्हाय चालला तर भाकरीची काटवट माळ्यावर टाकते. मग सांग तुझ्या मशीनला."

काव्या घाबरली आणि त्याच संध्याकाळी नवी पेठेतून हाताच्या व्यायामाचा ग्रिपर घेऊन आली. दोन लाल मुठी, वर स्प्रिंग. अक्कम्मानं दाबला. ग्रिपर ढिम्म.

तिचा नवरा प्रभुलिंग चाळीस वर्षं स्वतःच्या छोट्या कारखान्यात यंत्रमागाच्या स्प्रिंगा वळत आलेला. घरात दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर सण असावा असं समजायचं. पण त्यानं तो ग्रिपर हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याला कंठ फुटला.

"हे पैलवानाचं हाय. तार बघ की किती जाड, आणि सुत्तु दोनच," तो म्हणाला. या घरात अर्धं बोलणं कानडी, त्यामुळे स्प्रिंगच्या वेढ्याला तिथं सुत्तु म्हणतात. "मूठ दाबली की तार वाकते, एवढाच खेळ. लांब तार वाकायला सोपी. म्हणून सुत्तु वाढवलं की स्प्रिंग मऊ पडते, पण बेतानं. तार जाड केली की मात्र नाव काढू नको. दुप्पट जाड तार दुप्पट ताठ नसती. सोळापट असती."

"सोळापट?"

"सोळापट. आणि मुठी किती फाकल्यात बघ. तुजी बोटं तिथवर पोचेपत्तूरच दमणार."

लग्नाच्या बोलणीतसुद्धा हा माणूस इतकं बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः स्प्रिंग वळली. तार एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि वेढे तीन. खराद्याकडून लाकडी मुठी करून घेतल्या आणि बायकोच्या तळव्याच्या मापानं जवळजवळ बसवल्या. अक्कम्मानं दाबली तर ती चक्क हलली! अर्ध्यापर्यंत लाडानं आली, मग ताठत ताठत गेली आणि शेवटचं बोटभर अंतर राहिलं तिथं अडून बसली. आठवडाभर अक्कम्मा टीव्हीसमोर, देवासमोर, गॅससमोर ती दाबत राहिली. बोटभराचं अर्धं बोट झालं, पण मुठीला मूठ काही टेकेना.

तेवढ्यात प्रभुलिंग भाचीच्या लग्नाला पाच दिवस विजापूरला गेला. अक्कम्मानं विचार केला, एकदा जरी पुरी मिटली तरी हाताला कळेल की मिटता येतं. नवऱ्याचा धडा तिच्या ध्यानात होताच. तिनं कारखान्यात फोन लावला. फोन नारायणानं उचलला. नारायण तिशीतला कारागीर, हाताचा स्वच्छ, पण करमाळ्याचा. चार महिन्यांपूर्वी सोलापुरात आलेला, कानडीचा गंध नाही. त्यात मागे ग्राइंडर किंचाळत होता.

"नारायण, माजी ती स्प्रिंग हाय न्हवं? तसलीच दुसरी वळ. फकस्त एक सुत्तु वाढव."

"एक सूत वाढवू? बरं काकू!"

संध्याकाळी नवा ग्रिपर घरी आला. अक्कम्मानं हात पुसले, देवाला नमस्कार केला आणि दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी दाबला. भिंत दाबावी तसं.

तीन दिवस तिनं प्रयत्न केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. स्प्रिंग मऊ करून आणली तरी हलत नाही, म्हणजे हात उलट आणखी गेला, असा सरळ हिशेब तिनं मांडला. चौथ्या दिवशी सकाळी तिनं काटवट धुतली, पुसली आणि काव्याला म्हणाली, "ही माळ्यावर टाक. आणि भाकऱ्या सांगून टाक." एवढं बोलून ती देवघरात जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तेहतीस वर्षांचा हात होता तो. रडू येणारच की.

काव्या काटवट छातीशी धरून नुसती उभी राहिली. तेवढ्यात शेजारचा अभिमन्यू आला. हा तालमीतला गडी, मान आणि डोकं यांत फरक न दिसणारा. काल नेलेली वाटी परत द्यायला आला होता. टेबलावरचा ग्रिपर बघून तो खुशीत हसला.

"काकूचं खेळणं व्हय?" म्हणत त्यानं सहज दाबला. मग हसू थांबवून दाबला. मग वाटी खाली ठेवून, पाय रोवून, गाल फुगवून दाबला. कान लालभडक झाले, पण मुठींमध्ये चार बोटं अंतर तसंच.

"काकू," तो धापा टाकत म्हणाला, "तुमी हे रोज करताय?"

अक्कम्मा देवघराच्या दारात आली. तिचे डोळे ओले होते आणि तोंड उघडं. नेमका त्याच वेळी प्रभुलिंग बॅग घेऊन दारात उभा. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, ग्रिपर उचलला, तारेवर अंगठा फिरवला आणि ओरडला, "दोन सूत! ही तार हितं कुणी लावली?"

"मी कुटं सूत म्हणले? नारायणाला एक सुत्तु वाढव म्हणले!" अक्कम्मा म्हणाली.

प्रभुलिंग खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. अक्कम्मा हसली, काव्या काटवटीसकट हसली, अभिमन्यूला काही कळलं नाही तरी तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. नारायणाला फोनवर विचारलं तर तो हळूच म्हणाला, "मालक, मलाबी मिटला न्हाय तो. पण म्हणलं, काकूच्या भाकरी खाल्ल्यात, जोर असंल त्यांना."

त्या संध्याकाळी प्रभुलिंगानं एक सूत तारेचे चार वेढे वळून आणले. अक्कम्मानं दाबला. अर्धा, पाऊण, ताठला, आणि टक्! मुठीला मूठ टेकली. तिनं तो आवाज पुन्हा काढला, आणि पुन्हा. जेवायला वाढायचं राहिलं, पण कुणी मागितलंही नाही.

येळवशीला पहाटेपासून शुक्रवार पेठेत थाप थाप सुरू झाली. पहिली भाकरी वाकडी, दुसरी फाटकी, आणि तिसरी परातीएवढी गोल. चाळीस झाल्या तेव्हा हात ठणकत होता. अक्कम्माला तो ठणकासुद्धा गोड लागला. शेतात अभिमन्यू पाहुणा म्हणून आला आणि एकट्यानं सात भाकरी खाऊन गेला. तो दोन सुती ग्रिपर आता तालमीत असतो. अजून कुणालाही मिटलेला नाही.

सोमवारी अक्कम्मा कापडात चार भाकरी बांधून कारखान्यात गेली. नारायणानं भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: सुत्तु म्हणजे वेढा. तिनं आपला ग्रिपर काढून त्याच्यासमोर टकाटक वीस वेळा मिटला.

"ही लई मऊ पडायली. नवी वळ."

नारायण शहाणा झाला होता. त्यानं भिंतीकडे बघून घेतलं, ग्राइंडर बंद केला आणि विचारलं, "एक सुत्तु कमी करू का, काकू?"

"सुत्तु न्हवं," अक्कम्मा म्हणाली. "पाव सूत वाढव. नीट ऐक, सूतच म्हणलं मी."