चौदा चुका

आमच्या इमारतींच्या मागे मोकळ्या जागेत सार्वजनिक बाग आहे. वीस वाफे, वीस घरं, आणि मातीतलं कळणारं माणूस एकही नाही. कुणी टोमॅटोला दिवसातून तीनदा पाणी घालतं आणि तो सडला की बियाणंवाल्याच्या नावाने खडे फोडतं. कुणाच्या कोथिंबिरीला दोन पानं फुटली की तिचे चार फोटो निघतात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

या सगळ्यांचे प्रमुख म्हणजे शिट्टीमास्तर. शाळेत कवायत शिकवायचे. ते निवृत्त झाले, गळ्यातली शिट्टी काही झाली नाही. नळ बंद करा, शिट्टी. कुदळ जागेवर ठेवा, शिट्टी. त्यात फलकावर सूचना लावायची भारी हौस, आणि लिहितात ते 'सुचना'. मी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. पहिलाच उकार चुकलेला दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणून त्यांची सूचना लागली की मी पिशवीतलं लाल पेन काढते आणि उभ्या उभ्या दुरुस्त करून टाकते. मागून मला 'वेलांटीबाई' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

चौथा वाफा आमच्या ताईचा. गेल्या वर्षी ती गेली आणि वाफा निम्मा माझ्याकडे, निम्मा तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे भाऊजींकडे आला. भाऊजींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ताई होती तेव्हा वाफ्याकडे फिरकले नाहीत, आता मात्र रोज सकाळी हजर. बी इतकं खोल पुरतात की बिचाऱ्याला वर यायला लिफ्टच लागावी. मी पहिल्याच दिवशी मधोमध सुतळी बांधली आणि सांगून टाकलं, पलीकडे हात लावायचा नाही. ते बरं म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणतात. ताईने या माणसात काय पाहिलं, हे कोडं मला चाळीस वर्षांत सुटलेलं नाही.

सुतळीच्या माझ्या बाजूला ताईचा घेवडा होता. जांभळ्या रेघांचा, बाजारात कुठेच न मिळणारा. आमच्या आईने दिलेलं बी ताईने दरवर्षी लावून, वाळवून, पुन्हा लावून राखलं. ती गेली तेव्हा डब्यात मूठभर उरलं होतं आणि तेही जुनं. आणखी वर्षभर ठेवलं असतं तर रुजलंच नसतं. म्हणून यंदा मी सगळंच्या सगळं पेरलं. भाऊजींनी चार बिया मागितल्या होत्या. तुमच्या हातात दिलं की मातीत गेलंच म्हणून समजायचं, असं म्हणून मी दिल्या नाहीत.

वेल बांबूंवर चढले, शेंगा लागल्या. मी एकही तोडली नाही. बी हवं असेल तर शेंग वेलावरच कडकडीत वाळू द्यावी लागते. पानं गळतात, वाफा मेल्यासारखा दिसतो. येणारे-जाणारे हळहळायचे, वेलांटीबाईंचं सगळं वाळलं हो. मी कुणाला एका शब्दाने समजावलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी कोण घालणार?

त्याच सुमारास मास्तरांची एक सूचना लागली. आठ ओळींत चौदा चुका, म्हणजे त्यांचाही उच्चांक. सगळ्या नीट केल्या आणि घरी आले, तर दाराखालून सरकवलेली भाऊजींची चिठ्ठी: 'लाल दोरा बांधायला वीसरू नका.' मी त्या 'वी'भोवती लाल गोल केला आणि चिठ्ठी त्यांच्या टपालपेटीत परत टाकली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढे गुडघ्याने दगा दिला, चार दिवस घरातच गेले. सोमवारी बागेत आले तर माझा अर्धा वाफा मोकळा. माती सपाट केलेली, बांबूंची जुडी बांधून कडेला ठेवलेली. पालापाचोळा बारीक करायच्या यंत्राजवळ पिवळा भुसा पडला होता आणि त्यात जांभळ्या रेघांचे तुकडे. मी तिथेच खाली बसले आणि एखादं सबंध बी हाताला लागतं का ते चाचपत राहिले. लागलं नाही.

मास्तरांना फलकापाशी गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फलकावरच्या सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. 'ज्यांनी झाडे बियांसाठी राखली आहेत त्यांनी त्यांना लाल दोरा बांधावा, बाकीची वाळलेली झाडे रविवारी काढली जातील.' 'बियांसाठी'मधली दीर्घ 'बी' खोडून ऱ्हस्व केलेली होती. 'रविवारी'तली 'वी'ही तशीच. लाल अक्षर माझं होतं.

"तुम्ही तपासलीत," ते म्हणाले, "म्हणून मला वाटलं, वाचलीत."

मुद्रित तपासताना मजकुराच्या अर्थात गुंतायचं नसतं, नाहीतर चुका निसटतात. छापखान्यात नव्या लोकांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आणि ज्या मास्तरांना मी बागेतला सगळ्यात अडाणी माणूस समजत होते, बी राखायचं त्यांच्याच डोक्यात आलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी किती जणांना ऐकवली असेल.

भाऊजी वाफ्यात होते. रविवारी मी मास्तरांना थांबवत होतो, म्हणाले, पण बाईंनी सूचना स्वतः तपासलीय असं तेच म्हटल्यावर मी काय बोलणार. शिवाय माझी चिठ्ठी नुसता लाल गोल होऊन परत आली, तेव्हा वाटलं, तुम्हाला नकोच आहे.

मग त्यांनी टोमॅटोच्या काठीकडे हात दाखवला. घेवड्याचा एक वेल सुतळीखालून त्यांच्या बाजूला गेला होता आणि काठीवर चढला होता. मला आधी दिसला असता तर मी त्यावरूनही त्यांना बोलले असते. त्याला लाल दोरा बांधलेला, ताईच्या शिवणाच्या डब्यातला. तीन शेंगा, कडकडीत वाळलेल्या. त्यांनी त्या माझ्यासमोर फोडल्या. अकरा बिया निघाल्या. मी हात पुढे केला. त्यांनी बिया रिकाम्या काडेपेटीत घातल्या आणि काडेपेटी खिशात ठेवली.

"या वेळी मी लावतो," ते म्हणाले.

खोल पुरू नका, असं माझ्या तोंडून निघालंच. ते बरं म्हणाले. मग मी विचारलं, ही सुतळी सोडून टाकू का.

"राहू द्या," भाऊजी म्हणाले. "पलीकडे हात लावायचा नाही, असं ठरलंय ना."