लांबून पडलेली नावं

निगडीच्या कामगार वसाहतीत रामनवमीचं कीर्तन त्या वर्षी गुरुवारी आलं. कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे मांडव गच्च भरला होता. कीर्तनकार दुर्गाबाईंचा पूर्वरंग रंगून संपला. आता आख्यान सुरू होण्याआधी श्रोत्यांना बुक्का लावायचा, आणि तो मान दरवर्षी धोंडीबाचा.

तो तबक घेऊन निघाला, तोच उत्सवाचे नवे अध्यक्ष रंगराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्यांना लाव. तेवढा तो यवन सोड."

यवन म्हणजे इकबाल. कंपनीत धोंडीबाच्या शेजारच्या लेथवरचा. तीन वर्षांपूर्वी धोंडीबाचं बोट लेथवर फिरणाऱ्या जॉबमध्ये अडकलं, तेव्हा यानंच झेप घेऊन मशीन बंद केलं होतं. मांडवातले दिवेही सकाळी त्यानंच जोडले होते.

इकबालनं दरवर्षीसारखं कपाळ पुढं केलं. धोंडीबाचं बोट बुक्क्यात बुडालेलं होतं, पण अध्यक्षांची नजर त्याच्यावर होती. तो पुढच्या माणसाकडं वळला.

मंडळी, वाईट वागायला माणूस वाईटच असावा लागतो असं नाही. भिडेपोटी भला माणूसही वागून जातो.

इकबाल मुकाट्यानं उठला आणि चपला शोधू लागला. दुर्गाबाईंनी झांजा खाली ठेवल्या.

"इकबालभाई, कुठं निघालात?"

"घरी, बाई. यवनाचं काय काम हितं?"

"गाव कोणतं तुमचं?"

"पुनावळे, हितनं जवळच. आज्या-पणज्यापासनं आमी तिथलंच."

"मग यवन कसले? रंगराव, समुद्रापार आयोनिया नावाचा मुलूख होता. तिथले ग्रीक, ते मूळचे यवन. पुढं पश्चिमेकडून येईल त्याला आपण तेच म्हणत गेलो. पुनावळे तिकडं कधी गेलं हो?"

मांडवात खसखस पिकली. रंगराव अवघडून म्हणाले, "ते राहू द्या. आपण तरी हिंदू आहोत ना?"

"आहोत की, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हे नावही लांबूनच पडलंय. आपल्या सिंधूला जुने इराणी लोक हिंदू म्हणायचे. नदीचं नाव मुलखाला पडलं, मुलखाचं माणसांना. त्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं, आपण ग्रीकांना विचारलं नव्हतं. लांबच्या माणसाचं नाव ठाऊक नसतं, म्हणून त्याला नदीवरून, देशावरून ओळखायचं. पण एका सतरंजीवर बसलेल्याला? त्याचं नाव ठाऊक नाही होय तुम्हाला?"

धोंडीबा तबक घेऊन परत इकबालकडं आला. या वेळी त्यानं कुणाकडं पाहिलं नाही.

"इकबालभाऊ, चुकलं माझं."

"लाव की, राव," इकबाल हातातल्या चपला खाली टाकत म्हणाला. "उद्या शिफ्टला कुठल्या तोंडानं आला असतास?"

"तेच कळत न्हवतं."

इकबालनं वाचवलेल्या त्या बोटानं धोंडीबानं त्याच्या कपाळी बुक्का लावला. रंगराव थोडे सरकले आणि सतरंजीवर हात ठेवून म्हणाले, "इकबाल, इथं बस."

मंडळी, जुन्या लोकांना दुरून नावं पडली, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण हाकेच्या अंतरावरच्या माणसाला दूरचं नाव देऊन लांब लोटणं, हा दोष आपला. शेजाऱ्याला त्याच्या नावानं हाक मारा. ती देवाला आधी ऐकू जाते!