बाईसाहेबांच्या उजव्या हाताची सही

मी पाकीट बोलतोय. पत्र घेऊन जाणारं नव्हे, पत्राच्या पोटात बसून जाणारं. कुणा नामांकित माणसाची सही मागायची तर आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून एक रिकामं पाकीट पत्रासोबत घालायचं असतं. म्हणजे त्या माणसाला सही करून टपालात टाकायचं तेवढंच काम उरतं. ते रिकामं पाकीट म्हणजे मी. आमच्यातली बहुतेक जातात ती परत येत नाहीत. देवीच्या कृपेनं मी आलो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. डोळे उघडले ते लातुरात, शिकवणीवर्गांच्या गल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. तिथं माझी भावंडं प्रवेशाच्या अर्जांबरोबर भराभर निघून जायची. मलाही वाटायचं, आपणही कुणाला डॉक्टर करायला जाणार. पण एका दुपारी करिश्मा नावाची बारावीतली मुलगी आली आणि म्हणाली, "दोन पाकिटं द्या. एक मोठं, एक त्याच्यात मावेल असं."

करिश्माचं घर दाळ मिलच्या मागे. वडील व्यंकटी मिलमध्ये मुकादम. आई पंचफुलाबाई घर सांभाळायची आणि घराबरोबर सगळे उपासही. सोमवार महादेवाचा, मंगळवार रेणापूरच्या रेणुकाईचा, चतुर्थी गणपतीची. व्यंकटी म्हणायचे, "आमच्या घरात कॅलेंडर लागत न्हाई. सैपाकघरात डोकावलं की वार कळतो." बाई सगळं सोडू शकत होती, चहा मात्र नाही. उपासाला चहा चालतो, हा नियम तिनं देवांशी आधीच ठरवून घेतला होता.

आता माझी गरज का पडली ते सांगतो.

त्या वर्षी टीव्हीवरच्या एका मालिकेत 'थोरल्या बाईसाहेब' नावाची एक खाष्ट सासू होती. इंदुमती रणनवरे नावाची नटी ते काम करायची आणि इतकं झकास करायची की गल्लीतल्या बाया रोज संध्याकाळी पंचफुलाबाईच्या घरी जमून तिच्या नावानं बोटं मोडायच्या. एका संध्याकाळी बाईसाहेबांनी पोटुशी सुनेच्या थोबाडीत मारली. बायांनी एकच गलका केला. पंचफुलाबाईच्या तोंडून निघालं, "मोडू दे मेलीचा हात."

नेमकी संकष्टी होती. चंद्र उगवायचा होता.

पुढचा आठवडा उजाडतो तो पेपरात बातमी. जिन्यावरून पाय घसरून इंदुमती रणनवरे पडल्या, उजवा हात मोडला. मालिकेतल्या बाईसाहेबांना तातडीनं काशीला धाडण्यात आलं. गल्ली खूश झाली. पंचफुलाबाईच्या हातातली कपबशी मात्र हातातच राहिली.

शेजारची अमीरबी ब्लाउज शिवायची. तिच्याकडे जाऊन ही म्हणाली, "अमीरबी, उपाशी तोंडचं बोलणं लागतं गं. माझ्यामुळं झालं."

"गल्लीभर बाया बोलल्या. एकट्या तुझंच कसं लागंल?"

"त्या जेवून आलत्या. मी उपाशी होते."

"मग मी बी रोज्यात नणंदेला लई बोलून राहिले इतकी वर्षं. ती तर उलट जाड झाली."

अमीरबी हसली खरी, पण मशीन चालवायची थांबली. भूकंपाच्या साली औशाकडच्या गावात भिंत अंगावर येऊन तिचाच उजवा हात मोडला होता. लातुरात आणल्यावर दोघी मैदानात एका ताडपत्रीखाली राहिल्या, तिथूनच त्यांची मैत्री. प्लास्टर असेपर्यंत पंचफुलाबाईनं तिला घास भरवले होते, वेणी घातली होती. बाईचा उजवा हात गेला म्हणजे काय जातं, हे दोघींना कुणी सांगायला नको होतं.

पंचफुलाबाईनं त्याच दिवशी रेणुकाईला साकडं घातलं: त्या बाईचा हात बरा होईपर्यंत चहा वर्ज्य.

घरावर संकट आलं ते इथून. सकाळी तिचं डोकं ठणकायचं, दुपारी आवाज चढायचा. व्यंकटी दोन दिवसांत जेरीला आले. "अगं, तिचा हात बरा झाला हे तुला कळणार कसं? देवी काय तार करणार हाय?"

करिश्मा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "सही मागव. उजव्या हातानं सही आली म्हणजे हात बरा."

ती थट्टा करत होती. पण आईनं ते डोक्यातच घेतलं. तिनं मला, मोठ्या पाकिटाला आणि एका कोऱ्या कागदाला समोर ठेवलं, आणि करिश्माला लिहायला बसवलं.

"काय लिहू? 'मी तुमची खूप मोठी चाहती आहे'?"

"मी कुठली चाहती? मी तर तिला शिव्या देते. खोटं नको लिहू."

"सही मागताना असंच लिहितात, आई."

"मागणारे लिहित असतील. तू लिही, बाई, तुझं काम बघून आम्ही तुला लई बोललो. मी उपाशी बोलले, ते लागलं. माफ कर. हात बरा झाला की त्याच हातानं सही धाड. तवर मी चहा सोडलाय. घाई नाही."

शेवटचं वाक्य ऐकून व्यंकटींनी कपाळावर हात मारला.

पत्राच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लागलं. देवीच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली गेली. माझ्यावर लातूरचा पत्ता आणि तिकीट आलं, पत्राची घडी झाली आणि तिच्यासोबत मी मोठ्या पाकिटाच्या अंधारात गेलो.

मुंबईत आम्ही एका घरातल्या कचेरीच्या टोपलीत पडलो. तिथं इंदुमतीबाईंच्या फोटोंचा गठ्ठा होता, प्रत्येकावर ऐटदार सही, छापलेली. एक गृहस्थ पत्रं फोडायचे आणि आत माझ्यासारखं कुणी असेल तर त्यात न बघता फोटो सरकवायचे. आमचं पत्र फोडलं तेव्हा अंगारा त्यांच्या पँटवर सांडला. ते झटकता झटकता त्यांनी पत्र वाचलं आणि उठून थेट बाईंच्या खोलीत गेले.

टीव्हीवरच्या बाईसाहेब कपाळभर कुंकू लावायच्या. या बाई साध्या गाऊनमध्ये, हात गळ्यात बांधलेला, पेरूची फोड डाव्या हातानं खात बसलेल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"छापील पाठवून देऊ, ताई? लातूरला कोण बघणार आहे?"

"बाई चहा सोडून बसली आहे, गोडबोले. नवसाच्या माणसाला फसवू नये. आणि खरं सांगू का, तीस वर्षं खाष्ट सासवा केल्या. माफी मागणारं हे पहिलंच पत्र."

त्यांनी मला आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. तिथून मी रोज त्यांना बघत होतो. डाव्या हातानं केस विंचरताना वैतागायच्या, मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चहा राहिलाय एकीचा." प्लास्टर निघालं त्या दिवशी घरी येताच त्यांनी पेन मागवलं. बोटं थरथरत होती. फोटोवर सही उमटली ती सुतळी सांडावी तशी. खाली लिहिलं: 'हा माझा उजवा हात. आता चहा घ्या.' आणि मी लातूरच्या वाटेला लागलो.

पोस्टमननं मला उंबऱ्यात टाकलं तेव्हा अर्धी गल्ली धावली. फोटो बाहेर येताच सगळ्या त्याच्यावर वाकल्या.

"ही सही हाय? अंगणवाडीतल्या पोरानं केली का काय?" एक जण म्हणाली. दुसरीनं मासिकातली ऐटदार सही आणून शेजारी धरली. कशाचा कशाला मेळ नाही.

"फसवलं तुला, पंचफुला. नोकरानं केली असंल."

अमीरबीनं फोटो घेतला, बराच वेळ बघितला. "माझं प्लास्टर निघाल्यावर बटण लागत नव्हतं माझ्यानं. आठवतं ना? हात असाच चालायचा. हिचीच हाय सही."

व्यंकटी तोवर स्वतः चहा ठेवून मोकळे झाले होते. पहिल्यांदाच. "घे माय, आली सही. फिटला नवस."

पंचफुलाबाईनं त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. कप बाजूला सारला.

"सही आली हो. हात न्हाई आला अजून. दुखून राहिलंय तिला."

फोटो देवघरात गेला. मला टीव्हीजवळच्या फळीवर ठेवलं, अंगारा ठेवायला. मी तिथून बघत होतो, बाई वाळत चालली होती, चहाच्या वेळेला उगीच भांडी घासायची. करिश्मा रात्री आईचं डोकं चेपायची आणि म्हणायची, "मी कशाला बोलले सहीचं."

मग एका संध्याकाळी थोरल्या बाईसाहेब काशीहून परतल्या. गल्ली टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसली. सुनेच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं. बाईसाहेब उठल्या. संगीत घुमलं. बाया पुटपुटायला लागल्या, "आली बया. मारती बघ आता."

पंचफुलाबाई सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात गेली होती.

"उचल, माय," ती हळूच म्हणाली. "उचल."

हात उठला. कोपरात अडला नाही, खांद्याच्या वर गेला, सणकन खाली आला. सून कोलमडली. बाया हळहळल्या. पंचफुलाबाईनं टीव्हीला हात जोडले.

"बघितलंस, अमीरबी? पार वर गेला. थरथरला बी न्हाई."

"सुनेला मार बसला अन् आमच्या घरी दिवाळी," व्यंकटी म्हणाले. पण दुधाची पिशवी त्यांनीच आणली.

सगळ्या गल्लीला चहा झाला. पंचफुलाबाईनं बशीत ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा कपाळाला आठी होती.

"त्या सून झालेल्या पोरीला लागलं असंल का गं? लई जोरात बसली."

अमीरबीनं तिच्याकडे बघितलं. "तू आधी बशी संपव. मग बघू तिच्यासाठी काय सोडायचं ते."

आता मी याच फळीवर असतो. कडा मऊ झाल्यात, तिकिटावर शिक्के बसलेत, पुन्हा प्रवास घडणार नाही. माझी तक्रार नाही. एक विनंती तेवढी करतो. कुणाला पत्र लिहाल तर जे मनात असेल तेच लिहा आणि सोबत माझ्यासारखं एक पाकीट जरूर घाला. उत्तर देणं त्यांच्या मनावर. पण त्यांना द्यावंसं वाटलं आणि हाताशी पाकीट नाही, असं होऊ देऊ नका.