आसूढाळ

"तो भोवरा काढून टाक," मानसिंग म्हणाला.

अंबूनं कुंचला थांबवला नाही. अंगणात त्याची पांढरी घोडी उभी होती; इथल्या घोडेबाजारात त्याचा शब्द चाले. डाव्या डोळ्याखाली केसांचा एवढासा भोवरा. त्याला आसूढाळ म्हणतात. असली घोडी धन्याला रडवते म्हणे. अंबूनं तो होता तसा चित्रात उतरवला होता.

"घोडीवरनं काढा, मग मी चित्रातनं काढते की."

"लई बोलतीस! कोंडीबा, सांग लेकीला. विजापूरकडचं गिऱ्हाईक चित्र बघून घोडी घेणार हाय."

भिंतीला टेकलेल्या कोंडीबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सोलापूरच्या या जिनगर घरानं तीन पिढ्या बक्षिसाचे घोडे, बैल, वळू रंगवले. खाली कोंडीबाचं नाव असलं की लांबची माणसं जनावर न बघता सौदा करत. गेली चार वर्षं नाव बापाचं आणि हात लेकीचा. साऱ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. बाईच्या नावाचं चित्र दिवाणखान्यात कोण लावणार? बाईच्या हातच्या भाकरी तेवढ्या चालत होत्या.

कोंडीबा चाचपडत घोडीजवळ गेला. गालावरून फिरणारी बोटं डोळ्याखाली थांबली.

"हाय की हितं. चित्रात हाय का, अंबे?"

"हाय, आण्णा."

"मग झालं."

मानसिंग पुढं झाला. ओल्या रंगावर अंगठा दाबला आणि घासला. भोवरा गेला.

"आता न्हाय. टाक नाव. न्हायतर या दारात पुन्यांदा घोडं येणार न्हाय. माझा शब्द हाय."

घोडीनं खूर आपटला.

"आण्णा, त्यांनी पुसला."

"नाव कुणाचं टाकतीस, पोरी?"

"तुमचं."

"आन् हात कुणाचा?"

अंबूनं बापाकडं तोंड वळवलं.

"मग माझ्याकडं काय बघतीस? तूच ठरव."

अंबूनं कुंचला फडक्याला पुसला आणि खाली ठेवला.

"अंगठा उमटलाय की तुमचा, सरकार. तेवढी सही बास."

मानसिंग बिननावाचं चित्र घेऊन गेला. त्यानं शब्द पाळला. पुन्हा एकही घोडं दारात आलं नाही.

बेंदराला, बैलांच्या सणाला, मंद्रूपच्या एका शेतकऱ्याचा बैल आला, शिंगं रंगवायला. कोंडीबानं वेसण धरली. अंबूनं लाल हिंगूळ लावला, मग बारीक कुंचला घेऊन ती शिंगाच्या बुडाशी वाकली.

"काय करतीस गं?"

"नाव टाकते."

कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही. वेसण जरा घट्ट धरली, बैल हलू नये म्हणून.