सरळ आलेला कागद

१९९२ साली निजामपुऱ्यात अय्यूबशेठनी लूमच्या कारखान्यावर कॉम्प्युटर घेतला आणि प्रोग्राम लिहायला मला बसवलं. साडीच्या किनारीला कुठल्या रंगाचं किती सूत लागेल, ते माझा प्रोग्राम सांगायचा. प्रोग्रामच्या डोक्यावर शेरा म्हणून, कॉम्प्युटर वगळतो अशा ओळींत, मी किनारीतले त्रिकोण फुल्याफुल्यांनी काढून ठेवायचो. लूम लावणारा पंढरी तेवढंच वाचायचा. प्रिंट लूमवर टांगायचा आणि एका फुलीला एक खुंटी बसवायचा; खुंट्या असतील तशी नक्षी विणली जायची.

माझा कोड मात्र फार गबाळा. ठाण्याच्या मित्राने फ्लॉपीवर एक टूल दिलं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचा, की अख्खा कोड शिस्तीत! मी एंटर मारला. सगळे कंस रांगेत उभे. मी ऐटीत प्रिंट काढली आणि न बघताच पंढरीला दिली.

दुपारी लूमवर त्रिकोणांची खिचडी. टूलने शेऱ्यातल्या फुल्यांच्या ओळी एकीला एक जोडून परिच्छेद केला होता. पण हे मला नंतर कळलं. आधी मी पंढरीवर भडकलो.

"बारा मीटर विणलंस! डोळे फुटले होते का? यात त्रिकोण दिसतो तुला?"

"न्हाय दिसत."

"मग विचारायचं तरी!"

पंढरीने चिंधीला हात पुसले. "विचारणार होतो, मुनीरभाय. पण आजवर तुमचा कागद वाकडा यायचा नि कापड सरळ. आज कागद सरळ आला. म्हनलं, कापड वाकडं पायजे असंल."