पालथा दगड

संस्थानच्या दरबाराने गावातले वीरगळ उभे करायला अनुदान मंजूर केले, तेव्हा मला वेड्यासारखा आनंद झाला होता. मी वाईकडून बदलून आलेला शाळामास्तर. लढाईत पडलेल्या माणसांचे ते कोरीव दगड शाळेमागच्या बाभळीत लोळत पडलेले पाहून जीव तुटायचा, आणि सहा अर्जांनंतर कुणीतरी माझे ऐकले होते. १९४५ चा माघ होता, निम्मे गाव मेंढरे घेऊन लांब गेलेले. रहिमतपूरचा केरबा गवंडी आणि मी, दोघांनी आठ दिवसांत अकराच्या अकरा दगड चुन्यात पक्के बसवले. त्यांतला एक पालथा होता. उलटल्यावर दिसले, की घडण अलीकडची आहे आणि वीराच्या हातात चक्क बंदूक आहे. मी आपला शहाणा. दुर्मीळ नमुना म्हणून तो मधोमध उभा केला.

खरे सांगायचे तर त्या कामात मी मन गुंतवत होतो. माझा मुलगा मानसिंग ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याची तार येऊन चार महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम आला. मागच्या लढाईतला शिपाई, कमरेत पार वाकलेला म्हातारा. त्या दिवशी मात्र ताठ उभा होता.

"गुरुजी, लय उपकार झालं," तो म्हणाला. "सत्तावीस वरसं पाठ आखडली व्हती."

मी हसलो. "दगड काय तुमचा होता, बापू?"

"व्हय. मी मेल्याची तार आलीती, म्हून घरच्यांनी घडवला. मी परत आलो, तवा पालथा घातला. आमच्यात जित्याचा दगुड उभा ठेवत न्हाईत."

केरबाला बोलावून आजच पुन्हा पालथा घालतो, असे मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. बरं वाटतंय." जाता जाता तो थांबला. "तुमच्या पोराचा पत्त्या न्हाई न्हवं अजून? तुमी माझं केलंसा, मी तुमचं करतो."

चौथ्या दिवशी तो झोपेतच गेला. त्याच्या बायकोने, राहीबाईने, मला बोल लावला नाही, उलट हात जोडले. "निवांत गेलं, गुरुजी. किती वरसांनी उताणं निजलं व्हतं."

आकारामच्या दहाव्याला, त्याचा दगड जिथून काढला होता त्याच खड्ड्यात एक कोरा करकरीत दगड पालथा पडलेला दिसला. कुणी घडवला, कुणी आणला, कुणालाच ठाऊक नव्हते. मी तो उलटून पाहिला नाही. त्याच आठवड्यात मानसिंगचे पत्र आले. जखमी होता, इस्पितळात होता, पण होता. मी त्या दगडावर डोके टेकून पोटभर रडलो. तेव्हापासून रोज शाळेत जाताना टेकतो, आणि पोरे हसली तरी मला लाज वाटत नाही.

मानसिंग श्रावणात घरी आला. थोडा वाकून चालतो, एवढेच.

दिवाळीनंतर दरबाराचा लखोटा आला. काम पाहून साहेब खूश होते. खड्ड्यात पालथा राहिलेला एक दगडही उभा करावा म्हणून आपणहून पुन्हा अनुदान दिले होते, आणि गवंडी सोमवारी तिकडूनच यायचा होता. मी घाईघाईने नकाराचे पत्र लिहायला बसलो. मानसिंगने लखोटा उचलला, सावकाश वाचला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला,

"आबा, करू द्या की त्यांस्नी. लय आखडलीया पाठ."